मनगटावरचा काळ, मनगटातले कौशल्य

मोजक्या संख्येत निघणाऱ्या परदेशी घड्याळांची हौस भारतात वाढत आहे आणि त्यांच्यावरील आयात शुल्क येत्या काही वर्षांत शून्यावर यायचे आहे. उद्योगाची, कारागिरीची आणि कालगणनेची परंपरा ज्या संभाजीनगरच्या परिसरात एकत्र नांदते, त्या शहराने या हौसेकडे केवळ ग्राहक म्हणून पाहावे काय?

संभाजीनगरच्या शहागंज भागात निजामकालीन घड्याळाचा मनोरा उभा आहे. मनगटी घड्याळ मोजक्याच घरांत असे त्या काळी बाजारात आलेला माणूस मान वर करून या मनोऱ्यावर वेळ पाहत असे. पुढे हे घड्याळ बंद पडले, अनेक वर्षे बंदच राहिले आणि अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून मनोऱ्याची डागडुजी होऊन ते पुन्हा चालू झाले. दरम्यानच्या काळात वेळ मनोऱ्यावरून मनगटावर उतरली होती. मराठवाड्यातील एका पिढीसाठी मनगटावरची वेळ म्हणजे ‘एचएमटी’. लग्नात जावयाला घड्याळ, मुलगा मॅट्रिक झाला की घड्याळ, शिक्षक निवृत्त झाले की शाल-श्रीफळासह घड्याळ, अशी रीत होती. रोज सकाळी ठरल्या वेळी किल्ली द्यायची आणि रेडिओच्या वेळेशी काटे जुळवायचे, हा घरातल्या कर्त्या पुरुषाचा नित्यनेम असे.

आज वेळ सांगण्याचे काम भ्रमणध्वनीने काढून घेतले आहे. तरीही घड्याळ नाहीसे झालेले नाही. त्याने आपले प्रयोजन बदलले. गरजेची वस्तू होती ती हौसेची झाली आणि हौसेची होती ती संग्रहाची झाली. आजचा धनिक संग्राहक लाखो रुपये मोजून जे विकत घेतो ते वेळ पाहण्याचे साधन खचितच नव्हे. काही शे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाच्या आधाराने चालते. अचूकतेत ते लाखांच्या यांत्रिक घड्याळाला सहज मागे टाकते. मग संग्राहक नेमके काय विकत घेतो?

दुर्मीळतेचा व्यापार

तो विकत घेतो दुर्मीळता आणि तिच्यासोबत येणारी कथा. ‘मर्यादित आवृत्ती’ ही या व्यवसायातील कळीची कल्पना आहे. एखाद्या रचनेची पाचशे, पन्नास, प्रसंगी दहाच घड्याळे करायची, प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक कोरायचा आणि संख्या पुरी झाली की ती रचना पुन्हा हाती घ्यायची नाही, असे उत्पादक आधीच जाहीर करतो. पैसे हाती असूनही घड्याळ मिळत नाही, प्रतीक्षा यादीत नाव नोंदवून थांबावे लागते, यातच त्या वस्तूचा दिमाख सामावलेला असतो.

या व्यापाराचा आकार लहान नाही. सन २०२४ मध्ये स्वित्झर्लंडने सुमारे २६ अब्ज फ्रँक किमतीची घड्याळे निर्यात केली आणि मनगटी घड्याळांची संख्या होती जेमतेम दीड कोटी. याच वर्षी चीनसारख्या मोठ्या बाजारपेठेत स्विस घड्याळांची मागणी घसरली. भारतात मात्र ती सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढून २७ कोटी फ्रँकच्या घरात गेली. एकूण निर्यातीत हा वाटा आजही एक टक्क्याच्या आसपासच आहे. परंतु ज्या बाजारावर स्विस उत्पादकांची नजर आहे तो हाच.

त्यांच्या या नजरेला आता कराराचेही बळ मिळाले आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार केला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलात आला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचे आहे. बदल्यात या देशांनी पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख प्रत्यक्ष रोजगार यांचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. करार दोन्ही बाजूंनी असतो. घड्याळे ठरल्याप्रमाणे स्वस्त होतील. गुंतवणुकीतून कोणते कौशल्य या भूमीत रुजवून घ्यायचे, हे मात्र येथील समाजाला आणि उद्योजकांनाच ठरवावे लागेल.

बर्फातून उभा राहिलेला उद्योग

स्विस घड्याळाची आज जी प्रतिष्ठा आहे ती अनायासे मिळालेली नाही. जुरा पर्वताच्या खोऱ्यांतील शेतकरी हिवाळ्यात बर्फामुळे घरात अडकून पडत. त्या रिकाम्या महिन्यांत कोणी चाके कापी, कोणी पाती घासे, कोणी स्क्रू वळी आणि शहरातील व्यापारी हे भाग गोळा करून घड्याळे जुळवी. शेतीला जोड म्हणून घरोघरी सुरू झालेल्या कामातून पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य साठत गेले.

या उद्योगाचा एकदा पार कणा मोडला होता. १९७० च्या दशकात जपानच्या क्वार्ट्झ घड्याळांनी बाजार काबीज केला. नव्वद हजारांच्या घरात असलेले स्विस कामगार पुढील दीड दशकात तीस हजारांच्या आसपास उरले. कारखाने बंद पडले, जुनी यंत्रे भंगारात गेली. तरीही हा समाज सावरला. १९८३ मध्ये ‘स्वॉच’ हे स्वस्त प्लास्टिकचे घड्याळ काढून त्यांनी सामान्य ग्राहक परत मिळवला आणि हाताने घडवलेले यांत्रिक घड्याळ कलावस्तू म्हणून जगापुढे मांडून धनिक ग्राहक जोडला. ‘स्विस’ हे नाव तबकडीवर लावायचे तर घड्याळाच्या उत्पादन खर्चाचा किमान साठ टक्के भाग देशातच झालेला असला पाहिजे, असा नियम २०१७ पासून त्यांनी लागू केला. २०२० मध्ये यांत्रिक घड्याळांच्या या कारागिरीला फ्रान्ससह युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळवून दिले. स्वदेशी या शब्दाचा उच्चार न करता केलेले हे स्वदेशीचेच आचरण आहे.

मराठवाड्यातील वाचकाला यात ओळखीची खूण पटावी. जुराच्या शेतकऱ्याला बर्फाचे महिने होते, येथील शेतकऱ्याला कोरडे महिने आहेत. तेथे रिकाम्या हातांना सूक्ष्म काम मिळाले. येथे रिकामे हात ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात.

कथा येथील, कारखाना तेथील

मार्च २०२५ मध्ये एका लोकप्रिय चित्रपट अभिनेत्याच्या मनगटावरील घड्याळाची देशभर चर्चा झाली. ‘जेकब अँड कंपनी’ या परदेशी कंपनीने ‘एथॉस’ या भारतीय विक्रेत्याच्या सहकार्याने काढलेली ती रामजन्मभूमी विशेष आवृत्ती होती. संख्या मर्यादित आणि किंमत सुमारे ३४ लाख रुपये. तबकडीवर अयोध्येचे मंदिर आणि श्रीरामांची प्रतिमा असलेले हे घड्याळ पाहून अनेकांना अभिमान वाटला, काहींनी त्यावर वादही घातला. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे राहिला. ज्या मंदिरासाठी कोट्यवधी सामान्य माणसांनी पै-पैशाचे दान दिले, त्या मंदिराची प्रतिमा असलेल्या घड्याळाचे यंत्र भारतात का घडले नाही? श्रद्धा येथील आणि ग्राहकही येथील. परदेशातून आली ती कारागिरी आणि मूल्याचा मोठा भाग तिच्याकडेच गेला.

भारतीय हातांना हे काम जमत नाही, असे म्हणायला आधार नाही. १९६१ मध्ये जपानच्या ‘सिटिझन’च्या सहकार्याने ‘एचएमटी’ने बंगळूरला घड्याळे करायला सुरुवात केली तेव्हा हे तंत्र देशाला नवे होते. ‘जनता’सारख्या किल्लीच्या घड्याळाने ते खेडोपाडी नेले. पुढे टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे महामंडळ यांच्या भागीदारीतून १९८४ मध्ये ‘टायटन’ उभी राहिली आणि काळाची पावले ओळखून तिने क्वार्ट्झचा मार्ग धरला. ‘एचएमटी’ला ती चाल वेळेवर साधली नाही. तोटा वाढत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘एचएमटी वॉचेस’ बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर दैवगती अशी की, कोणाच्या तरी कपाटात धूळ खात पडलेल्या ‘जनता’ आणि ‘पायलट’ घड्याळांचा तरुण संग्राहक शोध घेऊ लागले. जे चालू असताना कोणी जपले नाही, ते बंद पडताच दुर्मीळ ठरले.

‘टायटन’ने २००२ मध्ये ‘एज’ हे घड्याळ बाजारात आणले. त्याचे यंत्र अवघे १.१५ मिलिमीटर जाडीचे आणि संपूर्ण घड्याळ साडेतीन मिलिमीटरचे होते. याच कंपनीने २०२५ मध्ये ‘नेब्युला जलसा’ हे घड्याळ काढले. त्याच्या संगमरवरी तबकडीवर जयपूरचे लघुचित्रकार पद्मश्री शाकिर अली यांनी हवामहल रंगवला असून आत टूरबियाँ ही फिरती यंत्ररचना आहे. संख्या दहा आणि किंमत चाळीस लाखांच्या पुढे. ‘जयपूर वॉच कंपनी’ तबकडीत जुनी नाणी बसवते, तर ‘बंगळूर वॉच कंपनी’ने अंतराळ मोहिमा आणि हवाई दलाची विमाने यांवर घड्याळांच्या मालिका काढल्या आहेत. या घड्याळांतील काही यंत्रे आजही बाहेरून आणावी लागतात, हे खरे आहे. कोणताही उद्योग पहिल्या दिवशी पूर्ण स्वावलंबी नसतो. परंतु दिशा ठरली की पावले पडतात. या सर्व प्रयत्नांत जयपूर आहे, बंगळूर आहे, होसूर आहे. संभाजीनगरचे नाव त्यांत कोठेही नाही. ज्या अजिंठ्याची लेणी या जिल्ह्यात आहेत, त्याचे नाव घेऊन भिंतीवरची घड्याळे घरोघरी पोहोचली तीही गुजरातच्या मोरबीहून.

खरी दुर्मीळता दारातच आहे

संभाजीनगरच्या हिमरूला देवगिरीच्या तुघलकी राजधानीपासूनची परंपरा सांगितली जाते. सूत आणि रेशीम यांच्या विणीतून उमटणारे हे वस्त्र एकेकाळी दरबारी पोशाखाचे होते. आज ते हातमागावर विणणारी कुटुंबे मोजकीच उरली आहेत. शहरापासून दीड तासाच्या अंतरावर पैठण आहे. तेथील पैठणीवरचा मोर, मुनिया आणि कमळ कारागीर धाग्यागणिक हाताने गुंफतो. पदर उलटा करून पाहिला तरी नक्षी तशीच दिसावी, ही त्या विणीची कसोटी. भरजरी पैठणीला अनेक महिने लागतात आणि प्रत्येक वस्त्र दुसऱ्यापासून थोडे वेगळे असते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मागांचा मोठा भाग येवल्याला आहे आणि मूळ गावी ही कला बऱ्याच अंशी शासकीय केंद्राच्या आधाराने तग धरून आहे.

स्विस कारखाना हजार घड्याळे सहज करू शकतो आणि शंभरच करायचे ठरवतो. ही दुर्मीळता योजलेली असते. हिमरूच्या मागावर बसणारा हात मात्र खरोखरच दुर्मीळ होत चालला आहे. त्याची संख्या कोणी ठरवून मर्यादित केलेली नाही आणि ती संपली तर पुढची आवृत्ती निघणार नाही. ठरवून घडवलेल्या दुर्मीळतेसाठी प्रतीक्षा यादीत उभे राहणारा समाज आपल्या दारातील खऱ्या दुर्मीळतेशी मात्र किमतीची घासाघीस करतो, ही विसंगती कोणाच्याही मनाला बोचावी अशी आहे.

हेच शहर, हीच माणसे

संभाजीनगरकडे पैसा नाही, असे कोणी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच वेळी खरेदी केल्या आणि जगभर त्याची बातमी झाली. त्यामागे मोटारींच्या हौसेइतकाच एक विचार होता. मागासलेल्या प्रदेशातील दुय्यम शहर ही ओळख पुसून टाकायची आणि ताकद दाखवायची ती एकट्याने नव्हे, संघटितपणे. त्या संघटित ताकदीने कंपनीकडून सवलत मिळवली, बँकेकडून कमी व्याजाचे कर्जही मिळवले. दीडशे माणसे एकत्र आली की बाजार त्यांचे ऐकतो, हा धडा या शहराने देशाला दिला आहे.

कौशल्याचीही वानवा नाही. १९८० च्या दशकात वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहानमोठ्या उद्योगांचे जाळे विणले गेले. शेंद्र्याला मोटारींचा कारखाना आला. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था तीन दशकांहून अधिक काळ साचे आणि हत्यारे घडवणारे तंत्रज्ञ तयार करत आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजमाप करणे हा येथील हजारो तरुणांचा रोजचा व्यवहार आहे. केसाहून बारीक स्प्रिंग आणि तासाला २८,८०० ठोके देणारे तोलचक्र घडवणे ही याहून अवघड विद्या असली, तरी तिचा आरंभ याच मोजमापातून होतो.

कालगणनेचा वारसा तर याहून जुना. संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटण लागते. तेथील पाटणादेवीच्या परिसरातील शिलालेख भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत सांगतो. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादवराजा जैत्रपालाने सन्मानाने आपल्याकडे नेले. नातू चांगदेव हे सिंघणाच्या दरबारात, म्हणजे देवगिरीच्या यादवांकडे, ज्योतिषी होते आणि आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी मठ स्थापला. १२०७ साली त्या मठाला दान मिळाल्याची नोंद याच शिलालेखात आहे. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी यंत्रांवर स्वतंत्र अध्याय लिहिला असून त्यात घटीयंत्र, चक्रयंत्र, फलकयंत्र अशा वेळ आणि उंची मोजण्याच्या साधनांचे वर्णन आहे. तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यात सोडायचे आणि ते भरून बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटिका झाली असे मानायचे, ही रीत मराठी लग्नमंडपात परवापरवापर्यंत जिवंत होती. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार तेथूनच आला.

धन, कौशल्य आणि वारसा या तिन्ही गोष्टी पन्नास कोसांच्या आत असूनही त्यांची परस्परांशी गाठ पडत नाही, हे या शहराचे खरे दुखणे आहे. धनिक जिनिव्हाकडे पाहतो, तंत्रज्ञ पुण्याची वाट धरतो आणि विणकराचा मुलगा माग सोडून दुसरे काम शोधतो.

अर्थ आणि धर्म

ज्या प्रदेशात पाऊस हुकला की टँकर लागतात, तेथे लाखोंच्या घड्याळांची चर्चाच अप्रस्तुत आहे, असा आक्षेप कोणी घेईल. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. संपत्तीचे ओंगळ प्रदर्शन भारतीय परंपरेने कधीच गौरवलेले नाही. परंतु तिने अर्थाला पुरुषार्थ मानले आणि त्याला धर्माचे कुंपण घातले, हेही तितकेच खरे. वेरूळचे कैलास लेणे, पैठणचे वस्त्र, देवगिरीची विद्या ही सारी आश्रयदात्यांच्या धनातून उभी राहिली. प्रश्न धनिकाने खर्च करावा की न करावा हा नसून, त्या खर्चाने कोणाचा हात कुशल होतो आणि कोणाची चूल पेटते हा आहे. आजवरच्या लिलावात सर्वाधिक किमतीला गेलेले मनगटी घड्याळ २०१९ मध्ये जिनिव्हात ३ कोटी १० लाख फ्रँकना विकले गेले आणि ती रक्कम स्नायूंच्या एका दुर्धर आजारावरील संशोधनाला मिळाली. संग्राहकाच्या हौसेला समाजहिताची जोड देता येते, याचे हे उदाहरण आहे.

संग्राहकांवर सरसकट टीका करणेही अन्यायाचे होईल. जो माणूस घड्याळाचे झाकण उघडून आतील चाकांची घासाई भिंगातून न्याहाळतो, तो कारागिरीचा मान राखणारा असतो. असा जाणता ग्राहक हे उद्योगाचे भांडवलच होय. त्याच्या नजरेला येथील काम पडावे, एवढीच व्यवस्था हवी.

यासाठी सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दीडशे गाड्यांसाठी एकत्र आलेल्या शहराला दीडशे घड्याळांसाठी एकत्र येणे अवघड नाही. या दीडशे जणांनी एखाद्या भारतीय उत्पादकाकडे आगाऊ मागणी नोंदवावी. तबकडीवर अजिंठ्याचे कमळ किंवा पैठणीचा मोर असावा, पट्टा आणि पेटी हिमरूने सजावी, वेळेच्या वर्तुळात साठ घटिकांचा दिवस दिसावा आणि सुटे भाग जमतील तितके वाळूज-चिकलठाण्यात व्हावेत. घड्याळांच्या सूक्ष्म यंत्रकामाचा अभ्यासक्रम टूल रूममध्ये सुरू व्हावा यासाठी उद्योग संघटनांनी मागणी करावी आणि एफ्टा करारातील गुंतवणुकीचा एक लहानसा वाटा त्या प्रशिक्षणाकडे वळावा यासाठी लोकप्रतिनिधींनी आग्रह धरावा. शुल्क शून्यावर येण्यास अवधी थोडाच आहे. त्या अवधीत एक पिढी घडत नसली, तरी तिचे पहिले शिक्षक निश्चित घडू शकतात.

भास्कराचार्यांनी सारी यंत्रे वर्णिल्यावर अखेर बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र मानले. ते यंत्र या मातीत आहे आणि त्याला हाताची जोडही आहे. शहागंजचे बंद पडलेले घड्याळ या शहराने पुन्हा चालू करून दाखवले. आता मनगटावरचे घड्याळही आपल्या हातांनी घडवण्याचा निश्चय त्याने करावा.